मृतसाठ्यातले नाना

दसरा झाला की बीड जिल्हा हळूहळू रिकामा व्हायला लागतो. ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं, कोयते, एखादी शेळी आणि शेळीवर नजर ठेवायला बसवलेलं पोर, अशा टोळ्या कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकाकडं निघतात. त्याच गडबडीत एका सकाळी आमचे नाना बीडच्या स्टँडवर दोन बॅगा घेऊन उभे होते. एका बॅगेची चेन लागत नव्हती आणि तिच्यातून काळ्या रबराचं वीतभर रुंद पातं बाहेर आलं होतं. ओळखीच्या एका मुकादमानं आधी पातं निरखलं, मग नानांना निरखलं.

“नाना, कोणत्या कारखान्यावर?”

“अंदमान.”

“तिकडं बी निघाला का? उचल किती दिली?”

उचल नानांनी घेतली नव्हती, दिली होती. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेचा बरा मोठा लचका तोडून ते समुद्रात तीस मीटर खाली जायला निघाले होते. तेही जिथं पाणी जोरात पळतं अशाच जागी. हे मुकादमाला पटण्यासारखं नव्हतं. नानांनी तरी सांगितलं. बस लागेपर्यंत सांगितलं. मुकादमानं शेवटी एवढंच विचारलं, की जोडीला कोण आहे? ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्याला कुणी उचल देत नाही. वहिनी तर घरीच होत्या. नाना म्हणाले, “तिथंबी एकट्याला उतरू देत नाहीत. पण जोडीदार तेच देतेत.”

मुकादमानं यावर नानांकडं जे बघितलं, ते वहिनींना कळू नये म्हणून मी आजवर जपलं आहे.

स्कुबा करून आलेला माणूस ही महाराष्ट्रात आता वेगळी जमात झाली आहे. पूर्वी काशी करून आलेले असत. मग दुबई बघून आलेले आले. मग मुलाकडं अमेरिकेत सहा महिने राहून तिथल्या रस्त्यांबद्दल बोलणारे आले. हे सगळे परत आलेले असतात, पण पुरते आलेले नसतात. पुण्यात असा माणूस खपून जातो. त्याच्याच सोसायटीत आणखी चार जण बुडून आलेले असतात, त्यातला एखादा याच्यापेक्षा पाच मीटर जास्त खोल गेलेला निघतो आणि हा गप्प बसतो. बीडचं तसं नाही. समुद्र इथून चारशे किलोमीटरवर. नानांना तपासणारा कुणीच नाही. बीडला रेल्वे पोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. नाना त्याच्या आधीच समुद्राच्या तळाला पोचले होते. एका माणसाचा पल्ला इतका पुढं गेल्यावर बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, दुसरं काय.

नाना जलसंपदा खात्यात कालवा निरीक्षक होते. बीडमध्ये पाण्याच्या खात्यात नोकरी म्हणजे बहुतेक वर्षं नसलेल्या पाण्याचा हिशेब ठेवणं. पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सरासरीत. प्रत्यक्षात तो चार दिवसांत कोसळून जातो, नाहीतर फिरकतच नाही. सिंदफणेवरचं माजलगाव धरण ४५४ दलघमीचं. त्यातले १४२ मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराखालचं पाणी. ते दिसतं, पण आपण होऊन कालव्यात येत नाही. नानांची हयात त्या पाण्याकडं वरून बघण्यात गेली. मे-जूनमध्ये कुणी विचारलं, की धरणात किती टक्के, की नाना सांगायचे, “उपयुक्त शून्य.” २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचा मांजरा प्रकल्प असा आटला की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या धरणाची भिंत आमच्या केज तालुक्यात. नाना सुटीच्या दिवशी मुद्दाम जाऊन त्याचा तळ बघून आले होते. ‘धरणाचा तळ बघितलेला माणूस आहे मी,’ असं तेव्हापासून म्हणायचे. समुद्र नंतर आला.

तो आला मालवणला. मालवणला हल्ली किल्ला बघायला गेलेला माणूस कोरडा परत येत नाही. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, तेव्हा महाराजांना वाटलंही नसेल की याच तटाखाली पुढं घाटावरची माणसं पाठीला सिलिंडर लावून मासे बघायला उतरतील. मुलानं, सुनेनं फॉर्म वाचायला घेतला. नानांची तोवर सही होऊन गेली होती. आमच्याकडं पोराला पोहायला शिकवतात ते पाठीला रिकामा डबा बांधून आणि विहिरीत ढकलून. डब्यानं पोर वर राहतं. इथं पाठीला भरलेला डबा आणि कमरेला शिशाची वजनं. बुडायची इतकी पक्की सोय, आणि तीही पावती फाडून, नानांनी जन्मात बघितली नव्हती.

सहा मीटर खोली, पंधरा-वीस मिनिटं. नाना सांगतात की ते पोहत होते. फोटोत दिसतं ते असं, की एक मालवणी पोरगा त्यांना मानेमागं धरून फिरवतो आहे आणि नाना दोन्ही हात पसरून त्याला वाट दाखवताहेत. पट्ट्यापट्ट्यांचे मासे समोर आले तेव्हा नानांनी खूश होऊन अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. पोरानं वर आणलं. नानांनी पुन्हा खाली जायचा हट्ट धरला, पुन्हा मासे बघितले, पुन्हा अंगठा. पोरगा शेवटी म्हणाला, “काका, आंगठो दाखवू नकात. बरा वाटला तर गप रवा.”

खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. पाण्याखाली दाबानं अंगात नायट्रोजन मुरतो, तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. घाई केली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे रक्तात होतात. म्हणून एका बुडीनंतरही निदान बारा तास विमानात बसू नये, डोंगर चढू नये, असा नियम आहे. हे नानांनी मालवणच्या लॉजवर मोबाइलमध्ये वाचलं. गाडी फोंडा घाटाच्या पायथ्याशी आली आणि नानांनी थांबवायला सांगितली. अठरा माणसांना चहा-भजी मिळेल इतपतच जागा असलेल्या त्या गावात अख्ख्या कुटुंबानं रात्र काढायची, सकाळी घाट चढायचा. मुलानं सांगून बघितलं, की हे खोल जाणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही सहा मीटर गेला होतात. नाना ढिम्म. तेव्हा मागच्या सीटवरून वहिनी बोलल्या. त्या कमी बोलतात, त्यामुळं आम्हाला ते पाठ आहे.

“सहा मीटर? लग्न होऊन आले तव्हा तुमच्या घरच्या बारवेत याच्या दुप्पट खाली उतरून म्या रोज दोन घागरी वर आणल्यात. मला कुणी फोंड्याला ठेवलं न्हाई.”

तरी मुक्काम फोंड्यालाच झाला.

इथं थांबले असते तर नाना हजारातले एक राहिले असते. पण माणसाला एकदा कळलं, की मृतसाठ्यात शिरता येतं, तर तो वरून टक्केवारी मोजत कशाला बसेल? त्यांनी चौकशी काढली. पहिला अभ्यासक्रम केला की अठरा मीटर, त्याच्या पुढचा केला की तीस, हौशी माणसाची शेवटची हद्द चाळीस. वय पंचेचाळीसच्या पुढं म्हणून डॉक्टरचा दाखला. बीडच्या डॉक्टरांना वाहन परवान्याचे, नोकरीचे, कुस्तीचे दाखले देऊन माहीत. हा मजकूर त्यांनी नानांकडूनच समजून घेतला आणि लेटरहेडवर लिहिलं : ‘सदर इसम पाण्याखाली राहण्यास सक्षम आहेत.’ हा कागद नानांनी लॅमिनेट केला आहे.

अंदमानात स्वराज द्वीप म्हणून बेट आहे. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत त्याला हॅवलॉक म्हणत. तिथून बोटीनं ‘जॉनीज गॉर्ज’ या जागी नेतात. ज्या जॉनी नावाच्या पाणबुड्यानं ती जागा शोधली, त्याचंच नाव. समुद्राच्या तळावर खडक, मधून घळी, पंचवीस-तीस मीटर पाणी आणि भरती-ओहोटीचा जोर. नानांनी त्याचं माप परसात काढलं : सोळा परस. परसाचं माप गावागणिक फूटभर हलतं, पण सोळा परस विहीर म्हटल्यावर आमच्याकडं माणूस काठापासून दोन पावलं मागं सरकतो. आणि विहिरीचं पाणी निदान जागेवर असतं. नाना विहिरीत पोहायला शिकलेले. सूर, मुटका, तळाची माती आणून दाखवणं, सगळं त्यांना यायचं. पाणी आपल्याला धरून घेऊन जाऊ शकतं, ही कल्पना त्यांना नव्हती. त्यांच्या कालव्यात पाणी आवर्तनाला यायचं, तेही अर्ज केल्यावर.

उडी मारली की आधी दोर धरायचा, असं बजावलं होतं. नानांनी धरला आणि त्यांचे पाय आपोआप मागं उचलले गेले. दोर उभा, नाना आडवे. तोंडातून निघणारे बुडबुडे वर जायच्या ऐवजी कानाजवळून सरळ पाठीमागं पळत होते. मान जरा वळवली की पाण्याच्या मारानं चष्मा थरथरायचा आणि कडेनं पाणी आत यायचं, म्हणून समोर बघत, हातावर हात टाकत, दर हातभर अंतराला नाक दाबून कानाचे दडे सोडवत ते खाली उतरले. मधेच त्यांची नजर मनगटाकडं गेली. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेल्यावर बांधलेला लाल धागा काळाठिक्कर झाला होता. नानांच्या पोटात धस्स झालं. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी मरतो, हे त्यांनी वर्गात ऐकलं होतं, पण वर्गात धागा त्यांचा नव्हता. सोबतच्या शिक्षकानं त्यांचे डोळे बघितले आणि मनगटावर बॅटरी मारली. धागा पुन्हा लाल. बॅटरी बंद, पुन्हा काळा. नानांनी ती तीनदा मारायला लावली.

खाली खडकाच्या आडोशाला गेल्यावर ओढ एकदम कमी झाली. नाना तिथं गुडघे टेकून बसले आणि डोकं वर काढून बघायला लागले. बाराकुडा माशांचा मोठा थवा, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडं, आणि एकही जागचा हलत नाही. एवढ्या ओढीत ते नुसते उभे. याचं कारण नाना आता कुणालाही, कुठंही समजावून सांगतात. प्रवाळ जागेवरून उठून कुठं जाऊ शकत नाही. त्याचं खाणं पाण्याबरोबर वाहत यावं लागतं. म्हणून जिथं पाणी पळतं तिथं प्रवाळ माजतं, त्याच्या आश्रयाला लहान मासे, लहानांच्या मागं मोठे, आणि मोठे शहाणे असल्यामुळं ताकद खर्च न करता तोंड करून उभे राहतात, खाणं चालत येतं. “टेलचा शेतकरी बोंबलत का असतो?” नाना विचारतात, “हेडला सगळं खाऊन घेतेत म्हणून. तिथंबी तसंच. करंटच्या तोंडाला जागा धरली की झालं.” पाटबंधाऱ्यातल्या माणसाला निसर्गात कुठंही टाका, तो हेड आणि टेल शोधून काढतो.

पण नानांच्या डोक्यात त्या वेळी प्रवाळ नव्हतं. एवढं पाणी चाललंय आणि कुणी अडवत नाही, हे त्यांना बघवत नव्हतं. घळ किती रुंद? असेल पन्नास मीटर. उंची दहा. वेग सेकंदाला पाऊण मीटर धरा. कालव्यावर काडी टाकून वेग मोजायची त्यांना सवय, इथं त्यांनी वाहत आलेल्या एका पालापाचोळ्याच्या तुकड्यावर काम भागवलं. तेवढ्यात शिक्षकानं पाटी पुढं केली. खोल बुडीच्या अभ्यासक्रमात तळाला गेल्यावर एक साधं गणित घालतात. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजन डोक्यात जातो, माणूस झिंगल्यासारखा होतो आणि शाळेतली बेरीज चुकते, हे त्याला स्वतःलाच कळावं म्हणून. नानांनी पाटी घेतली, शिक्षकाची बेरीज बोटानं पुसली आणि त्या जागी लिहिलं : ‘माजलगाव – ३ तास – १००%’. शिक्षक तमिळ होता. त्यानं खूण केली, की वर चला.

बोटीवर टॉवेल गुंडाळून नानांनी तेच गणित परत केलं. पन्नास गुणिले दहा गुणिले पाऊण म्हणजे सेकंदाला ३७५ घनमीटर, सव्वातेरा हजार क्युसेक. माजलगावचा उपयुक्त साठा ३१२ दलघमी. उत्तर आलं नऊ दिवस आणि वर काही तास. तीस मीटरवर तीन तासांत भरलेलं धरण बोटीवर येईतो जवळपास दहा दिवसांवर गेलं, याचं नानांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी त्या दिवशीचा नाश्ता सोडला. मला मात्र वाटतं, की खात्याचे बरेचसे अंदाज कोणत्या खोलीवर तयार होत असतील, त्याचा हा पहिला प्रामाणिक पुरावा आहे.

नाना माळकरी आहेत. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्यामुळं या झिंगेनं घरी आल्यावर वेगळाच पेच उभा केला. “खाली उतरलं की चढती आणि वर चढलं की उतरती,” असं त्यांनी तिचं वर्णन केलं. ते ऐकून पारावरची दोन-तीन अनुभवी माणसं पहिल्यांदाच त्यांच्याकडं आदरानं बघायला लागली. पण माळ घातलेल्या माणसाला अशी चढली तर दोष लागतो का? नानांनी सप्ताहाला आलेल्या कीर्तनकार महाराजांना एकांतात गाठून विचारलं. महाराजांनी विचार केला.

“पैसे देऊन घेतली का?”

“बुडीचे पैसे दिलेत. चढली ती फुकट.”

“मग बसमध्ये मळमळ होती त्यातली ती. दोष न्हाई. पण परत परत जाऊ नका.”

नायट्रोजनचं शास्त्र गावाला पटवणं मात्र सोपं गेलं. नानांनी सांगितलं, की आपण घेतो त्या हवेत ७८ टक्के नत्र असतं, खाली दाब चौपट झाला की ते अंगात जास्त मुरतं आणि माणूस भेलकांडतो. एक शेतकरी म्हणाला, “यात काय नवीन? युरियात ४६ टक्के असतंय तरी ज्वारी लोळती.”

घरी नानांचं आता सगळं पाण्याखालच्या शिस्तीनं चालतं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. नाना दुपारच्या झोपेतून एकदम उठत नाहीत. आधी उठून बसतात, घड्याळात बघून तीन मिनिटं भिंतीकडं तोंड करून थांबतात, मग चहा मागतात. चहा बोलून मागत नाहीत. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवलं की चहा बरा आहे, तळहात डावीउजवीकडं हलवला की काहीतरी गडबड आहे, बहुधा साखर. गॅस संपला तेव्हा त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवून दाखवला. पाहुण्या आलेल्या सुनेच्या आईनं त्याचा वेगळा अर्थ घेतला. मोटारसायकलवर कुणी मागं बसणार असेल तर नाना आधी त्याची जोडीदार-तपासणी करतात : पट्टे, बकला, वजन, हवा. चाकात हवा नसल्याचं असं एकदा खरोखरच सापडलं, आणि तेव्हापासून त्यांना थांबवणं अवघड झालं आहे.

त्यांचा सर्वांत मोठा दावा हवेबद्दलचा आहे. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते, टाकी बघता बघता उतरते. नानांचं म्हणणं असं, की बाकीचे मुंबई-बंगळूरवाले भसाभसा हवा ओढत होते आणि ते एकटे पुरवून वापरत होते. “टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस आहे मी. दोन घागरीत आंघोळ, धुणं, जनावर, सगळं बसवलंय. मला हवा पुरवायला शिकवता?” हे मला इतकं पटलं होतं, की मी चार ठिकाणी सांगून टाकलं. मग एकदा त्यांनी आपलं लॉगबुक दाखवलं. प्रत्येक बुडीची नोंद, शिक्षकाची सही, शिक्का. नाना ते सातबाऱ्यासारखं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत ठेवतात. जॉनीज गॉर्जच्या पानावर लिहिलं होतं : सुरुवात २०० बार, शेवट ५० बार. पन्नास राहिले की वर यायचं, हा सगळ्यांनाच नियम. त्याखाली शिक्षकानं इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, जिचा मथितार्थ असा, की पुढच्या वेळी पाण्याखाली कमी बोलावं.

हल्ली त्यांच्या डोक्यात अँग्रिया बँक आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात, प्रवाळाचं एक बुडालेलं पठार आहे. उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर लांब, आणि जिथं सगळ्यांत उथळ तिथंही वीस मीटर पाणी. वरून काहीच दिसत नाही. नाव कान्होजी आंग्र्यांचं. इंग्रजांनी त्यांना जन्मभर चाचा म्हणून घेतलं, नकाशावर राहिलं ते मात्र आंग्रेच. शास्त्रज्ञ तिथं बोटी घेऊन जाऊन आले आहेत. हौशी माणसाची तिथं रोजची ये-जा नाही, कारण आडोशाला ना बेट ना किनारा, आणि ओढ मोकळ्या समुद्राची. नानांनी हे सगळं चहाच्या टपरीवर मांडलं. एक निवृत्त मास्तर वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “कोणती बँक म्हणालात?”

“अँग्रिया. बुडालेली आहे.”

“ही बी?”

बीडमध्ये ठेवीदार नसलेलं घर सापडणं अवघड. त्या दिवशी पुढं अर्धा तास टपरीवर प्रवाळाचा विषय निघाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नानांनी प्रात्यक्षिक द्यायचं ठरवलं. गावाकडच्या पोरांना कळलं पाहिजे. आधी एका नातेवाइकाचं शेततळं बघितलं. त्यात पाणी होतं, पण नानांच्या पायातली पाती बघून मालक आडवा झाला. “नाना, कागद फाटला तर अनुदान दुसऱ्यांदा मिळत नसतंय.” मग पाटोद्याकडच्या एका मित्राची विहीर ठरली. नऊ परस खोल, आणि पाणी छातीइतकं. एप्रिल महिना, दुपारचे अकरा, नाना काठावर काळ्या रबरी पोशाखात. निम्मं गाव जमलं होतं. सिलिंडर भरून मिळण्याची सोय बीडमध्ये एक तर स्वयंपाकाच्या गॅसची, नाहीतर दवाखान्यातल्या ऑक्सिजनची, म्हणून नुसता चष्मा आणि नळी. उडी मारायचा प्रश्नच नव्हता. लोखंडी कड्या धरून, पायातली पाती काखेत मारून नाना नऊ परस खाली उतरले. तिथं तात्या आधीच पाण्यात उभे होते.

तात्या म्हणजे त्या भागातले बुडी मारणारे. विहिरीत मोटर पडली, पोहरा पडला, कधी नको ते पडलं, की तात्यांना बोलावणं जातं. एका दमात चाळीस फूट जाऊन दोर बांधून वर येणारा माणूस. आता सत्तरीला आला आहे. नानांनी पाती चढवली, चष्म्यात थुंकून तो धुतला. तात्यांनी ते लक्षपूर्वक बघितलं.

“नाना, तिकडं समुद्रात किती खाली गेलते?”

“सोळा परस.”

“आरारा. काय काढायला?”

“काढायला काही नाही. बघायला.”

“आन् वर काय आणलं?”

“काहीच आणायचं नसतं. प्रवाळाला हातबी लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे ते.”

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. काठावरची पोरं खाली वाकून ऐकत होती.

“मंग पैसं कोण देतं?”

“मीच दिले.”

“खाली जायचे?”

“हां.”

“न् काहीच न आणायचे.”

नानांनी नळी तोंडात घातली. त्या अवस्थेत उत्तर देता येत नाही, ही त्या नळीची मोठी सोय आहे.

तेवढ्यात वरून मालक ओरडला, की मोटर तासाभरापासून पाणी ओढत नाही, फुटबॉलमध्ये कचरा बसला असंल, लाइट गेलीय तवर बघून घ्या. पाइपाच्या तळाला जो जाळीचा व्हॉल्व्ह असतो त्याला आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. तात्या वाकायला लागले, नानांनी हातानं थांबवलं. त्यांनी तात्यांकडं बोटानं खूण केली, मग स्वतःकडं, मग दोन तर्जन्या एकमेकींना लावल्या : जोडीनं जायचं. तात्यांनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. मग नाना एकटेच बुडाले. गढूळ पाण्यात फक्त पात्यांची टोकं वर तरंगत होती. दोनदा वर आले, तिसऱ्यांदा आले तेव्हा हातात फुटबॉल, त्याला गुंडाळलेली खताच्या पिशवीची चिंधी, आणि चष्म्यावर चिखल. गावानं टाळ्या वाजवल्या. मालकानं पन्नासची नोट आणि नारळ दिला. नाना नको म्हणत होते. तात्यांनी घ्यायला लावला, रिवाज मोडू नये म्हणून. नोट मात्र तात्यांनीच ठेवून घेतली.

त्या रात्री नानांनी लॉगबुकात नवीन पान लिहिलं. मी ते वाचलं आहे. ‘ठिकाण : पाटोदा परिसर. खोली : १.४ मीटर. दृश्यमानता : शून्य. पाहिलेले जीव : बेडूक २, आणखी एक, ओळख पटली नाही. वर आणलेली वस्तू : फुटबॉल, सुस्थितीत. शेवटचा थांबा : ३ मिनिटं, कडीवर. करंट : नाही. लाइट गेली होती.’